मुक्कामी गाडीने आल्पुहार्रा: डोंगरातल्या पांढऱ्या गावात राहायला कसं जावं

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून माझी सगळी नोकरी नाशिक जिल्ह्यात झाली. त्यामुळे कुणी कुठल्याही गावाचं नाव काढलं की माझा पहिला प्रश्न असतो, तिथे मुक्कामी गाडी जाते का? ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळी गावात जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे दूधवाले, शाळेची पोरं, कोर्टकचेरीची माणसं घेऊन परत शहरात येते ती मुक्कामी गाडी. पेठ, सुरगाणा, हरसूलकडची कित्येक गावं मला आमच्या मुक्कामी वाहकांच्या तोंडून कळली. दिवसाच्या फेरीच्या वाहकाला विचारलं तर तो थांब्याशेजारचं चहाचं दुकान सांगायचा आणि गप्प बसायचा.

स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियाच्या डोंगरात जी चुन्याने रंगवलेली गावं आहेत, तिथे जायचं तर हाच हिशेब धरा. सहलीच्या कार्यक्रमात ती ‘अर्धा दिवस, फोटोसाठी थांबा’ अशी येतात. अकरा वाजता मोठ्या बस लागतात, पाचला सुटतात. तेवढ्या वेळात गावातले लोक एक तर दुकानात असतात नाही तर दार लावून जेवत असतात. पाचनंतर म्हातारी माणसं बाकावर येऊन बसतात, पोरं चेंडू घेऊन चर्चसमोरच्या चौकात उतरतात. ते बघायचं असेल तर रात्री राहावं लागतं. पुढचं सगळं राहायला जाणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना एका दिवसात तीन गावं उरकायची आहेत त्यांनी मालागाहून फ्रिहिल्यानाला जावं. समुद्रकाठच्या नेर्हापासून ते सहा किलोमीटरवर आहे, सुंदर आहे, संध्याकाळी परत येता येतं.

गाव कुठलं धरायचं

पांढरी गावं आंदालुसियाभर आहेत. रोंदाच्या बाजूला, कादिस आणि मालागा प्रांतांच्या सीमेवर सर्वांत प्रसिद्ध घोळका: आर्कोस, साआरा, ग्रासालेमा, सेतेनिल. सेतेनिलमध्ये घरांच्या डोक्यावर अख्खा कडा पुढे आलेला आहे, खाली लोक कॉफी पीत बसतात. रोंदाचा पूल १७९३ साली पुरा झाला आणि खालची दरी जवळपास शंभर मीटर खोल आहे. त्याच भागात हुस्कार नावाचं गाव २०११ साली एका कार्टून सिनेमाच्या जाहिरातीसाठी निळं रंगवलं. नंतर गावाने मत घेऊन निळंच ठेवलं, कारण माणसं बघायला यायला लागली होती. त्यावर मी काही बोलत नाही.

पण त्या बाजूला गाडी भाड्याने घेतल्याशिवाय नीट फिरता येत नाही, आणि ते मला पटत नाही. म्हणून माझं मत आल्पुहार्राला. ग्रानाडा शहराच्या मागे सिएर्रा नेवाडाची रांग आहे, तिचा दक्षिण उतार म्हणजे आल्पुहार्रा. वर मुलासेन हे ३,४७९ मीटरचं शिखर, स्पेनच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उंच. खाली पोकेइरा नावाच्या ओढ्याची खोल घळ आणि त्या घळीच्या अंगावर एकावर एक तीन गावं: पांपानेइरा साधारण १,०५० मीटरवर, बुबिऑन १,३०० वर, कापिलेइरा १,४३० च्या पुढे. आपली कळसूबाई १,६४६ आहे, म्हणजे किती उंचीवर लोक नांदतात त्याचा अंदाज येईल. तिन्ही गावांत बस जाते.

पांपानेइरा खालचं, म्हणून सगळ्या सहली आधी तिथेच थांबतात. दुकानं भरपूर, दिवसा गर्दी भरपूर. कापिलेइरात खानावळी जास्त, डोंगरात जाणाऱ्या वाटा तिथूनच फुटतात. मधलं बुबिऑन या दोघांच्या भांडणात शांत राहिलंय. राहायला बुबिऑन घ्या. तिथे चर्चजवळ एक जुनं घर आहे तसंच ठेवून संग्रहालय केलंय, चूल, माच, खाटा, घरातली सगळी अवजारं. छोटंसं आहे, पण ते आधी बघितलं की बाकीची गावं डोळ्यांना समजायला लागतात.

कधी जावं

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, नाही तर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला खाली ग्रानाडात पारा चाळिशीला टेकतो आणि ऑगस्टमध्ये सगळा स्पेन सुट्टीवर असतो. हिवाळ्यात वर बर्फ पडतं आणि दगडी घरात रात्री खरी थंडी असते. नाशिकची डिसेंबरातली थंडी सोसली म्हणून तिथे फुशारकी मारू नका. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सर्व संतांच्या सणाला गावोगाव चेस्टनट भाजतात, तेव्हा गेलात तर स्वेटर आणि कानटोपी दोन्ही ठेवा. ५ ऑगस्टला त्रेवेलेस गावातून ‘हिमाच्या मातेची’ यात्रा मुलासेनच्या माथ्यावर जाते. पहाटे, नव्हे मध्यरात्रीच निघतात. आमच्या गुडघ्यांना ते शक्य नव्हतं, तुम्ही चाळिशीच्या आत असाल तर विचार करा.

आता वार. हे कुठल्याही मार्गदर्शकात मला वाचायला मिळालं नाही, पण वेळापत्रक करणाऱ्या माणसाला ते आधी सुचतं. शनिवार-रविवार ग्रानाडाची माणसं स्वतःच्या मोटारी घेऊन वर येतात, रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागतात. म्हणून सोमवारी चढा, गुरुवारी उतरा. गुरुवारीच का, तर खाली ऑर्हिवा या तालुक्यासारख्या गावात गुरुवारी सकाळी आठवडे बाजार भरतो. उतरताना तिथे उतरायचं, बाजार करायचा, जेवायचं आणि पुढची गाडी धरून ग्रानाडा. या हिशेबात तीन रात्री आपोआप होतात. त्याहून कमी करू नका.

नाशिकहून निघताना

व्हिसा शेंगेनचा. मुंबईतल्या स्पेनच्या व्हिसा केंद्रात अर्ज होतो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो आणि पंधरा दिवसांच्या आत आलात तर उशीर झाला. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीची वेळ मिळणं कठीण असतं, म्हणून एप्रिलला जायचं असेल तर संक्रांतीच्या आसपासच लागा. मोठ्या माणसाची फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, केंद्राचा आकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडून त्याच दिवशी काम करून परत येता येतं, फक्त भेटीची वेळ दुपारची घ्या. सकाळी दहाची वेळ घेऊन कसाऱ्याला जीव टांगणीला लावू नका.

मुंबईहून माद्रिद किंवा मालागा गाठायचं, मध्ये एकदा विमान बदलून. माद्रिदहून ग्रानाडाला २०१९ पासून वेगवान रेल्वे जाते, साडेतीन तासांच्या आसपास. मालागाला उतरलात तर ग्रानाडाच्या बस भरपूर आहेत, दीड-दोन तास. विमानातून उतरल्या दिवशी डोंगर चढू नका. ग्रानाडात दोन रात्री काढा आणि आलांब्राचा राजवाडा बघून घ्या. त्याचं तिकीट पासपोर्टावरच्या नावाने निघतं आणि आतल्या नासरी महालांत शिरायची ठरावीक वेळ त्यावर छापलेली असते. ती चुकली की महाल चुकले. हे तिकीट विमानाच्या पाठोपाठ काढा, गावाला जाऊन बघू म्हणालात तर बाहेरची भिंत बघून याल.

खाऊचं: युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे नाहीत, खवा नाही, घरचं कढवलेलं तूप नाही. ताजी द्राक्षंही न्यायची नाहीत, निफाडची असली तरी. चिवडा चालतो, थालीपिठाची भाजणी चालते, मेतकूट, गोडा मसाला, हिंग चालतात. कोंडाजीचा चिवडा आमच्या मेव्हणीने किलोवर नेला होता आणि तिसऱ्या दिवशी घरमालकीणबाई रिकामी बशी घेऊन आल्या, म्हणजे गावात पसंत पडला असं समजायला हरकत नाही.

बस, म्हणजे खरा विषय

ग्रानाडाचं बसस्थानक शहराच्या मध्यात नाही, उत्तरेला बाहेर आहे. शहर बसने किंवा टॅक्सीने अर्धा तास हातात ठेवून निघा. आल्पुहार्राच्या गाड्या आल्सा कंपनीच्या. फेऱ्या दिवसाला मोजक्याच असतात, तेव्हा तिकीट आदल्या दिवशी काढा, खिडकीवर किंवा मोबाइलवर. अंतर सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, पण ऑर्हिवानंतर वळणंच वळणं, त्यामुळे पांपानेइराला दोन तास धरा.

वेळापत्रक वाचताना तीन शब्द ओळखता आले पाहिजेत. ‘लाबोराब्लेस’ म्हणजे कामाचे दिवस, ‘साबादोस’ शनिवार, ‘दोमिंगोस इ फेस्तिवोस’ रविवार आणि सणासुदीच्या सुट्ट्या. आपली गाडी नेमकी सुट्टीच्या रकान्यात पडते की काय ते बघायचं. स्पेनच्या सुट्ट्या आपल्याला ठाऊक नसतात: १ मे, १५ ऑगस्ट, १२ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, डिसेंबरची ६ आणि ८ तारीख, शिवाय आंदालुसियाची स्वतःची २८ फेब्रुवारी. या दिवशी फेऱ्या कमी होतात. आणि हो, १५ ऑगस्टला तिथेही सुट्टी असते, कारण वेगळं आहे.

माझे साडू पहिल्या दिवसापासून मोटार भाड्याने घ्या म्हणत होते. त्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. मोटारीने त्रेवेलेस आणि पुढची गावं एका दिवसात होतात, बसने होत नाहीत. पण तिथे रस्ता उजव्या बाजूने चालतो, ए-४१३२ या घाटरस्त्याला समोरून बस आली की एकाने मागे घ्यावं लागतं, आणि गावात मोटार नेताच येत नाही. गल्ल्या खेचराच्या मापाच्या आहेत. गावाबाहेर गाडी लावून सामान उचलून पायऱ्याच चढायच्या, तर मग बसने काय वाईट? शेवटी बसनेच गेलो. घाटात साडूंनी डोळे मिटून घेतले होते, ते झोपले होते असं त्यांचं म्हणणं.

जाताना उजव्या हाताची खिडकी घ्या. ग्रानाडाच्या दक्षिणेला एक खिंड लागते, तिचं नाव ‘मूराचा उसासा’. १४९२ साली ग्रानाडाचा शेवटचा सुलतान बोआब्दिल शहर सोडून निघाला, तेव्हा याच चढावर वळून त्याने शेवटचं पाहिलं अशी आख्यायिका आहे. त्याला जहागिरीला दिला होता तो हाच आल्पुहार्रा. दोन वर्षांच्या आतच तो मोरोक्कोला निघून गेला. पुढे लांहारॉन लागतं, झऱ्याच्या पाण्याचं आणि स्नानगृहांचं गाव. आपल्याकडे बिसलेरी तसं तिथे या गावाच्या नावाचं पाणी बाटलीतून देशभर जातं. मग ऑर्हिवा, आणि तिथून चढ. ज्यांना घाट लागतो त्यांनी आवळासुपारी ऑर्हिवातच तोंडात टाकावी.

गाडी तुम्हाला गावाच्या डांबरी रस्त्यावर सोडते. तिथून घर वर आहे की खाली, आणि किती पायऱ्या, हे खोली ठरवतानाच मालकाला विचारा. प्रत्येक गावाला वरची आळी आणि खालची आळी असते, मधला फरक चार मजल्यांएवढा असू शकतो. चाकाची बॅग दगडी उतारावर आडदांड कुत्र्यासारखी ओढत नेते. पाठीवरची पिशवी घ्या.

घराकडे बघताना

आता सावकाश. पहिल्या दिवशी काही ठरवू नका, गल्ल्यांतून फिरा आणि वर बघा.

घरांची छपरं सपाट आहेत. स्पेनच्या बाकी बहुतेक पांढऱ्या गावांत उतरती लाल कौलं असतात, इथे नाहीत, आणि हीच इथली खूण. खाली चेस्टनटच्या लाकडाची तुळई, त्यावर फळ्या नाही तर बोरू, त्यावर पाटीच्या दगडाच्या लाद्या आणि सगळ्यात वर ‘लाउना’ नावाची राखी-निळसर माती. स्लेटचा दगड झिजून झालेली ही चिकणमाती चोपून बसवली की पाणी आत शिरू देत नाही. आपल्या कसमादेत, सटाणा-मालेगावकडे जी धाब्याची घरं होती, लाकडाच्या सऱ्यांवर काड्या आणि वर खारी माती, त्याच कुळातलं हे काम. माझं आजोळ देवळ्याजवळ धाब्याच्या घरात होतं, पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायला आम्हा पोरांना चढवत. म्हणून मी छपराच्या कडा बघत जास्त वेळ उभा राहिलो. तिथल्या जुन्या माणसांचा दंडक असा की लाउना वद्य पक्षात, चंद्र उतरत असताना घालायची, नाही तर छप्पर गळतं.

असंच बांधकाम समुद्रापलीकडे मोरोक्कोच्या ॲटलस डोंगरात आहे. बर्बर लोक ते घेऊन इथे आले आणि सात-आठ शतकं राहिले. १५६८ साली इथल्या मुसलमान वंशाच्या, बाटवलेल्या शेतकऱ्यांनी बंड केलं. ते १५७१ पर्यंत चाललं, मोडून काढलं गेलं आणि त्या लोकांना ग्रानाडाच्या मुलखातून हाकलून उत्तरेकडची कुटुंबं आणून वसवली. माणसं बदलली, घराची पद्धत तीच राहिली, कारण डोंगर, माती आणि लाकूड तेच होतं.

गल्लीवरून एका घराची खोली पलीकडच्या घराला टेकते आणि खालून वाट जाते, त्या छताखालच्या जागेला ‘तिनाओ’ म्हणतात. उन्हातान्हात, बर्फात तिथे थांबता येतं. शेजारच्या कुंड्या, सरपण, खुर्च्याही तिथेच असतात. ते अंगण आहे हे लक्षात ठेवा. खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसू नका, दारातल्या बाईचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. छपरावरची धुराडी गोल, उंच, आणि टोकावर दगडाची टोपी. एकेका घराची टोपी निराळी.

चुना. स्वस्त, ऊन परतवतो, जंतू मारतो, म्हणून दरवर्षी नवा हात. असे हात एकावर एक चढून भिंतीचे कोपरे गोलावलेत, बोट फिरवून बघा. आता पुष्कळ ठिकाणी डब्यातला रंग आलाय, तो उन्हात प्लास्टिकसारखा चकाकतो. चुन्याची भिंत तशी चकाकत नाही, संध्याकाळी आतून उजळल्यासारखी दिसते. पश्चिमेकडे सेव्हियाजवळ मोरॉन गावात चुना भाजायच्या जुन्या भट्ट्या आहेत. ती कारागिरी जगवायचं तिथलं काम युनेस्कोने २०११ साली नावाजलं. मला या गोष्टीचं कौतुक वाटलं, कारण आपल्या पंचवटीतल्या वाड्यांचा चुन्याचा गिलावा दुरुस्त करायचा तर आज माणूस शोधावा लागतो.

पाण्याचा आवाज सतत येत राहील. तो पाटाचा. डोंगरात वर बर्फ वितळतं, ते पाटांतून आडवं फिरवून वसंतात मुद्दाम भेगाळ जमिनीत सोडतात. ते मुरतं आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, खालच्या झऱ्यांना फुटतं, म्हणजे उन्हाळ्यात गावाला आणि शेताला पाणी. हजारेक वर्षं ही रीत चालू आहे. वाटपाला पाटकरी असतो, पाळ्या ठरलेल्या. मधल्या काळात माणसं शहरात गेली आणि कैक पाट बुजले. ग्रानाडा विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ गावकऱ्यांबरोबर आणि स्वयंसेवकांबरोबर फावडी घेऊन ते पुन्हा वाहते करताहेत. गावातल्या कारंज्यांना तोटी असते. ‘नो पोताब्ले’ असं लिहिलेलं नसेल तिथे लोक बाटल्या भरताना दिसले की तुम्हीही भरा.

चालणं

तिन्ही गावांना जोडणारी जुनी पायवाट आहे, खुणांचे पट्टे रंगवलेले. शहाणपण असं सांगतं की बसने वर कापिलेइराला जावं आणि उतरत पांपानेइराला यावं, दीड तासात होतं. गुडघेदुखी असेल तर मात्र उलट करा. उतारावर गुडघ्यांना जास्त मार बसतो, हे आमच्या हिला आधीच ठाऊक होतं. ती चढून आली, उतरताना बसने आली आणि आमच्याआधी पोचून कॉफी घेऊन बसली.

कापिलेइराच्या वर ओढ्याकाठी ला सेबादिया नावाची ओसाड वस्ती आहे, वीजघराच्या कामासाठी वसवलेली. सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येण्यासारखी. उन्हाळ्यात, रस्ता मोकळा झाल्यावर, राष्ट्रीय उद्यानाची छोटी बस कापिलेइरातून २,७०० मीटरच्या आसपास नेऊन सोडते. जागा आधी राखाव्या लागतात. तिथून मुलासेनची चाल सुरू होते. ते नको असेल तर नुसती बसची फेरी करून या. हवा स्वच्छ असेल तर समुद्रापार आफ्रिकेची कडा दिसते.

घळीच्या पलीकडच्या अंगाला, आपल्याला गावातून दिसतो त्या उतारावर, तिबेटी बौद्धांचं ओसेल लिंग हे साधनास्थान आहे. १९८२ साली दलाई लामा तिथे आले आणि त्यांनीच हे नाव दिलं. भेटीच्या वेळा मर्यादित असतात, तेव्हा आधी बघून जा.

जेवण

शाकाहारी माणसाने इथे डोकं शांत ठेवावं. हा डुकराच्या मांडीचा, हामॉनचा मुलूख. त्रेवेलेस तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे, थंड कोरड्या हवेत छताला शेकडो मांड्या टांगलेल्या असतात. तुम्ही ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, म्हणालात तर ताटात तरीही हामॉनचे तुकडे येतील, कारण तो तिथे मसाल्यात धरतात. म्हणून मोजून सांगायचं: ‘सिन कार्ने, सिन हामॉन, सिन आतून’. आतून म्हणजे ट्यूना मासा, तो सॅलडमध्ये लपलेला असतो. आमची ही अंडं खाते, मांस-मासे नाही. तिचं व्यवस्थित झालं. अंडंही चालत नसेल तर स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या.

मागायचं काय: ‘पापास आ लो पोब्रे’, ऑलिव्ह तेलात कांदा-मिरचीबरोबर हळू परतलेले बटाटे. ‘बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या’, वांग्याचे तळलेले काप आणि वर काकवी. ऊस या किनाऱ्यावर अरबांनी आणला, फ्रिहिल्यानात आजही काकवीचा कारखाना चालतो. ‘आहोब्लांको’ हे बदाम, लसूण, शिळा पाव आणि तेल वाटून केलेलं पांढरं गार सूप, त्यात द्राक्षं सोडतात. लसूण आणि द्राक्ष एका वाटीत, हे ऐकून साडूंनी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मागवलं. सालमोरेहो हे टोमॅटोचं घट्ट गार सूप छान असतं, पण त्यावर हामॉन भुरभुरतात, आधी सांगा. मांस खाणाऱ्यांनी ‘प्लातो आल्पुहार्रेन्यो’ घ्यावा, बटाटे, अंडं, हामॉन, रक्ताचं सॉसेज सगळं एका ताटात. एक ताट दोघांना पुरतं.

घड्याळाचं मात्र ऐकावं लागेल. दुपारचं जेवण दोन ते चार, रात्रीचं साडेआठ-नऊच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाही. दोन ते पाच दुकानं बंद, गल्लीत मोठ्याने बोलायचं नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी खिशात काहीतरी ठेवावं. नाश्त्याला भाजलेला पाव, किसलेला टोमॅटो, तेल आणि मीठ मिळतं, मला त्यापलीकडे काही लागलं नाही. ग्रानाडा प्रांतात पेयाबरोबर छोटी बशी फुकट येते. त्यात काय येईल ते त्यांच्या मनावर, म्हणून शाकाहाराचं आधीच सांगावं. समोरच्या कोन्त्राविएसा डोंगरावर १,३०० मीटरच्या वर द्राक्षमळे आहेत, तिथली वाइन गावात साध्या ग्लासात देतात. नाशिककर म्हणून चाखून बघणं भागच होतं.

बोलणं, पैसे, परतीची गाडी

रस्त्यात कुणी समोर आलं की सकाळी ‘बुएनोस दियास’, जेवणानंतर ‘बुएनास तार्देस’. दुकानात शिरतानाही आधी हेच, मग काम. एवढं पाळलंत तर तिथला म्हातारा तुमच्याशी पाच मिनिटं बोलतो. कळत काही नाही, कारण तिथले लोक शब्दाच्या शेवटचा ‘स’ खाऊन टाकतात. मान हलवायची. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, तरी सुटे युरो ग्रानाडातच काढून ठेवा. औषधाच्या दुकानावर हिरवी फुली असते. अडचणीला ११२.

विकत काय घ्यावं? हारापा, म्हणजे जुन्या कापडाच्या पट्ट्या हातमागावर विणून केलेली रंगीत चटई. जड असते, आधी बॅगेचं वजन करा. काकवीची बाटली घेतलीत तर ती विमानात आत न्यायच्या पिशवीत ठेवू नका, खाली जाणाऱ्या बॅगेत घाला.

परतीच्या गाडीला थांब्यावर दहा मिनिटं आधी उभे राहा आणि गाडी दिसली की हात दाखवा. नुसतं उभं राहिलात तर चालकाला वाटतं तुम्ही दरी बघताय. तिकीट आधीच्या दिवशी काढलेलं असू द्या. वर्षाच्या गर्दीच्या आठवड्यांत खालच्या गावांना जागा उरत नाही. ऑर्हिवाला बाजारासाठी उतरणार असाल तर तिकीट ऑर्हिवापर्यंतच काढा आणि पुढचं वेगळं, आणि उतरल्या उतरल्या पुढच्या गाडीची वेळ स्थानकावर पुन्हा विचारून घ्या. ज्या दिवशी डोंगरातून उतरणार त्याच दिवशीचं विमान ठेवू नका. रात्र ग्रानाडात नाही तर मालागात काढा.